बिटकॉइनचं जाळं मोजायचं कसं: तयार आकडा, क्रॉलर की ऐकणारा नोड?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ‘बिटकॉइनचं जाळं केवढं आणि कुठे पसरलंय’ हा विषय घेतला, तर तीन वाटा समोर येतात: नोड (बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारी जाळ्यातली मशीनं) मोजणाऱ्या बिटनोड्ससारख्या वेबसाइटचा तयार आकडा घेणं, स्वतः क्रॉलर, म्हणजे नोडमागून नोड शोधत जाणारा प्रोग्रॅम, लिहिणं, किंवा स्वतःचा नोड चालू ठेवून त्याच्याकडे कोण येतं ते नोंदवणं (ऐकणारा नोड). तिन्हींतून मोजल्या जातात त्या गोष्टी वेगळ्या, म्हणून आपला प्रश्न आधी पक्का करा.

काही नोड बाहेरून आलेलं कनेक्शन घेतात, तर घरच्या राउटरमागचे बहुतेक घेत नाहीत, ते फक्त स्वतःहून दुसऱ्यांना जोडले जातात. तयार आकड्यात पहिल्या प्रकारचेच नोड असतात. तो फुकट मिळतो, मागची काही वर्षं कशी गेली तेही दिसतं. पण पडताळणीपलीकडे त्याचा उपयोग करू नये. पद्धत आपल्या हातात नसते आणि परीक्षकाने ‘हा आकडा आला कुठून’ विचारलं की उत्तर अडतं.

क्रॉलरही पहिल्या प्रकारचेच नोड मोजतो, पण प्रत्येक पायरी आपल्याला दिसते. डीएनएस सीडकडून (काही नोडचे पत्ते देणारे सर्व्हर) सुरुवातीचे पत्ते घ्यायचे. त्यांना ८३३३ पोर्टवर, आणि पुढे नोडकडून मिळालेल्या पत्त्यांना सोबत आलेल्या पोर्टवर, कनेक्शन उघडायचं. ओळख देणारा ‘व्हर्शन’ संदेश पाठवायचा, त्याची पोच देणाऱ्या ‘व्हरॅक’च्या आधी लांब पत्ते चालतात असं सांगणारा ‘सेंडॲडरव्हीटू’ पाठवायचा आणि मग पत्ते मागणारा ‘गेटॲडर’. मधला संदेश विसरलात तर टॉरचे (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरचे) नोड हाती लागत नाहीत, कारण त्यांचे आताचे लांब पत्ते जुन्या संदेशात मावत नाहीत. एका उत्तरात जास्तीत जास्त १,००० पत्ते येतात. त्याच नोडला लगेच पुन्हा विचारून उपयोग नाही. बिटकॉइन कोअर (बहुतेक नोडवरचं सॉफ्टवेअर) साधारण दिवसभर तेच साठवलेलं उत्तर देतो. मिळालेल्या पत्त्यांत बंद पडलेले पुष्कळ असतात, म्हणून ‘व्हरॅक’पर्यंत पोचलेलाच नोड मोजा. एकच मशीन आयपीव्ही४, आयपीव्ही६ आणि टॉरवर असेल तर ते तीनदा मोजलं जातं. हे तिन्ही आकडे वेगळे द्या, बेरीज करू नका.

घरच्या ब्रॉडबँडवर एका वेळी हजारो कनेक्शनं उघडली की साध्या राउटरचं नॅट टेबल (चालू कनेक्शनांची यादी) भरतं आणि घरातलं सगळं इंटरनेट अडकतं. शंभर-दोनशेवर थांबा, नाहीतर भाड्याचा सर्व्हर घ्या. घेताना त्याला आयपीव्ही६ आहे का आणि पुरवठादाराला अशी पाहणी चालते का, हे आधी विचारा.

भूगोलाच्या भागात सगळ्यात जास्त फसगत होते. पत्त्यावरून देश बऱ्यापैकी कळतो, शहर मात्र नाही. खानापुरातला नोड नकाशावर बेंगळुरूत दिसू शकतो, निपाणीतला महाराष्ट्रातही. पुरवठादाराचा पत्ता जिथे नोंदलाय तेच डेटाबेसला ठाऊक असतं. त्यामुळे जिल्हावार नकाशा काढूच नका. देश आणि एएसएन, म्हणजे कोणत्या नेटवर्कचा पत्ता, एवढं पुरे. जर्मनीचा आकडा मोठा दिसतो, त्यात हेट्झनरसारख्या, भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. ते नोड चालवणारे जर्मनीत राहतात असं त्यावरून म्हणता येत नाही. टॉरच्या नोडला देश नसतोच आणि पोचता येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त नोड टॉरवर आहेत. त्यांना बाजूला ठेवून काढलेली टक्केवारी पूर्ण जाळ्याची म्हणून छापणं चूक आहे.

राउटरमागचे नोड धरायचे असतील तर ऐकणारा नोड लागतो. प्रूनिंग (जुने ब्लॉक पुसणं) लावून ब्लॉकची जागा ५५० एमबीपर्यंत खाली आणता येते, तरी पहिल्यांदा ६०० जीबीहून जास्त डेटा उतरवावाच लागतो, तेव्हा प्लॅनची मर्यादा बघून घ्या. राउटरच्या वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही, स्थिर आयपी मागावा लागेल. टॉरची ओनियन सेवा लावली तर कनेक्शनं येतील, पण येणाऱ्याचा पत्ता दिसणार नाही.

त्यावरून अंदाज असा निघतो: बिटकॉइन कोअर डिफॉल्टने १० कायमची बाहेर जाणारी कनेक्शनं ठेवतो आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी ११४ जागा राखतो. समजा, क्रॉलरला १०,००० नोड सापडले आणि प्रत्येकाकडे सरासरी ५० कनेक्शनं येतात. मग एकूण ५,००,००० कनेक्शनं, भागिले १०, म्हणजे राउटरमागचे धरून सुमारे ५०,००० नोड. मात्र येणाऱ्यांत दुसऱ्यांचे क्रॉलर, हलकी वॉलेटं आणि पाळत ठेवणारेही असतात. त्यांना वगळलं नाही तर आकडा फुगतो. शिवाय एका नोडची सरासरी सगळ्या जाळ्याला लावणं धोक्याचं. निदान तीन-चार वेगळ्या नेटवर्कवर नोड ठेवा.

एक सेमिस्टर आणि एक लॅपटॉप एवढंच हाताशी असेल तर क्रॉलर घ्या, निकाल देश आणि एएसएनपुरता ठेवा आणि त्याच दिवशीच्या तयार आकड्याशी ताडून बघा. स्थिर आयपी, इन्व्हर्टर आणि दोन-तीन महिने असतील तर सोबत ऐकणारा नोडही चालवा. लाईट गेली की सगळी येणारी कनेक्शनं तुटतात आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. तेवढ्या तासांच्या नोंदी सरासरीतून वगळा.