समुद्रतळावरचा मॅग्नेटोटेल्युरिक रिसीव्हर : वापरानंतरचे परीक्षण

मध्य-महासागरी पर्वतरांगांच्या खाली शिलारस कुठे तयार होतो आणि कोणत्या वाटेने वर येतो, हे पाहण्याची साधने मोजकीच आहेत. त्यांपैकी समुद्रतळावर ठेवायच्या मॅग्नेटोटेल्युरिक रिसीव्हरचे, म्हणजे नैसर्गिक विद्युत व चुंबकीय क्षेत्रे नोंदवणाऱ्या उपकरणाचे, हे परीक्षण आहे. एका मोहिमेत ही उपकरणे पाण्यात सोडण्यापासून त्यांच्या नोंदींचे इन्व्हर्जन (मोजलेल्या आकड्यांवरून खालच्या खडकांचे चित्र गणिताने काढणे) करण्यापर्यंतचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, वितळलेल्या क्षेत्राची जागा आणि आकार ज्याला हवा आहे त्याने हे उपकरण निःशंकपणे वापरावे. शिलारस किती टक्के आहे याचे उत्तर मात्र केवळ याच्याकडून मागू नये.

उपकरणाची बांधणी साधी आहे. खाली काँक्रीटचा जड अँकर, वर तरंगण्यासाठी काचेचे पोकळ गोळे, मध्ये दाब सहन करणाऱ्या नळीत नोंदयंत्र, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या दोन इंडक्शन कॉइल आणि चार दिशांना पसरलेल्या बाहूंच्या टोकांना इलेक्ट्रोड. समोरासमोरच्या इलेक्ट्रोडमधले अंतर सुमारे १० मीटर असते. जहाजावरून सोडले की ते आपल्या वजनाने तळाशी जाते, आणि काम संपल्यावर ध्वनिसंकेत दिला की अँकर सुटून उरलेला भाग वर येतो.

उपकरण स्वतः जमिनीत वीज सोडत नाही. सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सतत जे चढउतार होतात, तेच खडकांत विद्युतप्रवाह प्रवर्तित करतात, आणि तळाशी मोजलेल्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकांची रोधकता, म्हणजे विजेला विरोध करण्याचा गुण, काढता येते. सोव्हिएत शास्त्रज्ञ तिखोनोव यांनी १९५० मध्ये आणि फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ कान्यार यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही पद्धत जमिनीवर रुळली असली, तरी समुद्राखाली तिचा उपयोग विशेष आहे, कारण कोरडे घन प्रावरण (कवचाखालचा खडकांचा जाड थर) विजेला बराच विरोध करते आणि बेसाल्टी शिलारस ती सहज वाहू देतो. खडकाच्या कणांमधून शिलारसाचे धागे एकमेकांना जोडलेले असतील, तर एक-दोन टक्के वितळणेही रोधकतेत स्पष्ट उतरते.

या उपकरणातला सर्वांत चोख भाग म्हणजे चांदी व सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड. तळावरचे विद्युत क्षेत्र अनेकदा मीटरमागे मायक्रोव्होल्टच्याही खाली असते, आणि सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर वेगाने वाहणारे पाणीसुद्धा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना मीटरमागे सुमारे ०.३ मायक्रोव्होल्ट निर्माण करू शकते. इतक्या बारीक खेळात इलेक्ट्रोडचा स्वतःचा गोंगाट कमी असणे हीच मोठी गोष्ट आहे. चुंबकीय बाजूबद्दल मात्र तेवढ्या आनंदाने लिहिता येत नाही. तळप्रवाहाने चौकट अंशाच्या दहाहजाराव्या भागाइतकी कलली, तरी ३०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ०.०५ नॅनोटेस्लाचा खोटा संकेत उमटतो, आणि खरा संकेत पुष्कळदा याच मापाचा असतो. होकायंत्राने तर आमच्या एका रिसीव्हरची दिशा उघड चुकीची नोंदवली. शेजारच्या रिसीव्हरांशी चुंबकीय नोंदी ताडून ती नव्याने ठरवावी लागली. उपकरणातले घड्याळ किती मागे-पुढे सरकते, हे बुडवण्यापूर्वी आणि वर काढल्यावर तपासले नाही, तर पुढचे सगळे काम कच्च्या पायावर उभे राहते.

समुद्राचे पाणी ही दुसरी अडचण आहे, आणि तिला उपकरण जबाबदार नाही. पाण्याची रोधकता सुमारे ०.३ ओहम-मीटर असल्याने १० सेकंदांच्या आवर्तनकालाचे (एका पूर्ण चढउताराला लागणाऱ्या वेळेचे) क्षेत्र पाण्यात साधारण ८७० मीटरमध्ये एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. पूर्व प्रशांत कटकाच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या अशाच एका पर्वतरांगेच्या, माथ्यावर सुमारे २,५०० मीटर पाणी आहे, म्हणजे जलद चढउतार तळापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. तिथे तळाखाली दीड किलोमीटरच्या आसपास असलेला शिलारसाचा पातळ थर म्हणूनच केवळ या रिसीव्हरला नीट दिसणार नाही. त्यासाठी जहाजामागे ओढलेल्या कृत्रिम विद्युतस्रोताची जोड हवी. आइसलँडच्या नैर्ऋत्येच्या रेक्यानेस कटकावर १९९३ च्या प्रयोगात दोन्ही पद्धती भूकंपीय मोजणीबरोबर वापरल्या गेल्या होत्या.

खोल प्रावरणात मात्र हे उपकरण आपली किंमत वसूल करून देते. पूर्व प्रशांत कटकाच्या उत्तर भागातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रात २० ते ९० किलोमीटर खोलीवर जवळजवळ सममित, त्रिकोणी वाहक क्षेत्र दिसले. प्लेटा दूर सरकतात आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत प्रावरण आपोआप वर येते, या कल्पनेशी ते जुळते. त्याच कटकाच्या दक्षिणेला, १७ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, आधीच्या मोजणीत पश्चिमेची बाजू अधिक वाहक आढळली होती. २०१९ मध्ये नॉर्वे व ग्रीनलंड यांमधल्या समुद्रातल्या, अतिमंद विस्तारणाऱ्या मोन्स कटकाखालचे चित्रही असममित निघाले. एकाच कटकाचे दोन भाग इतके वेगळे निघावेत, ही माझ्या मते या पद्धतीची सर्वांत मोलाची देणगी आहे. भूकंपलहरींच्या मोजणीनेही काही बाबी दिसतात, पण जोडलेल्या शिलारसाची अशी थेट चाहूल त्या देत नाहीत.

आता टक्केवारीचा प्रश्न. एकच रोधकता नीट जोडलेल्या थोड्या शिलारसाने मिळते, सुट्या कप्प्यांत अडकलेल्या अधिक शिलारसानेही मिळते, आणि शिलारसात पाणी व कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतील तर आणखी कमी शिलारसातही मिळते. ऑलिव्हिन या प्रावरणातल्या मुख्य खनिजामधला हायड्रोजन वितळण्याशिवायही वाहकता वाढवतो. म्हणून इन्व्हर्जनच्या रंगीत चित्राखाली लिहिलेली शिलारसाची टक्केवारी वाचताना प्रयोगशाळेतली कोणती गृहीतके घेतली आहेत ते आधी पाहावे. ज्या परिशिष्टात ती दडलेली असतात, ते मी पूर्वी वाचत नसे.

उपकरण किती दिवस तळाशी ठेवावे, यावर माझे मत ठाम आहे. सरासरी ५० ओहम-मीटर रोधकता धरली तर १,००० सेकंदांचा आवर्तनकाल सुमारे ११० किलोमीटर खोलीपर्यंत भेदतो, आणि दोन आठवड्यांत अशी सुमारे १,२०० आवर्तने मिळतात. चांगला दिसणारा हा आकडा गोंगाटाचे तुकडे वगळल्यावर झपाट्याने खाली येतो, म्हणून जहाजाच्या वेळापत्रकात जागा असेल तर दोन रिसीव्हर कमी नेऊन उरलेले महिनाभर तळाशी राहू द्यावेत.