नेपाळमधल्या मुलीचं शैक्षणिक पालकत्व : दीड वर्ष पैसे भरून आणि घरी जाऊन आल्यावर

पालकत्व, म्हणजे संस्थेमार्फत तिच्या शिक्षणाचे पैसे भरणं, पुढे चालू ठेवतेय. संस्थेला मात्र पाचपैकी तीनच तारे.

संस्था काठमांडूतली, मध्यम आकाराची. मुलगी गोरखा जिल्ह्यातली, मी नाव जोडलं तेव्हा आठवीत होती, आता दहावीत आहे. तिचं नाव-गाव आणि फोटो कुठे टाकायचा नाही हे नोंदणीच्या अर्जातच लिहून घेतात, आणि ते योग्यच आहे. महिना १८०० रुपये.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. डॉलर-बिलर विसरा. आपल्या कार्डांच्या मागे ‘नेपाळ-भूतानमध्ये परकीय चलनासाठी चालणार नाही’ असं बारीक अक्षरात असतं, ते उगीच नसतं. मी वापरते ती रिझर्व्ह बँकेची २००८ पासूनची भारत-नेपाळ रेमिटन्स योजना. एनईएफटीच असते, फक्त पलीकडचं खातं नेपाळमधलं आणि तिथे जमा होतात नेपाळी रुपये. पूर्वी एका वेळी ५० हजारांची मर्यादा होती, २०२१ पासून २ लाख आहे. दराची चिंता नाही. १९९३ पासून १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, त्यामुळे माझे १८०० तिथे २८८० होतात. शाखेतल्या काउंटरवर ही योजना कुणालाच धड माहीत नव्हती, परिपत्रकाची प्रत मीच छापून नेली. मग मी तीन-तीन महिन्यांचे एकदम भरू लागले. आणि हो, देणगीवरची आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही. संस्था परदेशी आहे.

पावत्या वेळेवर येतात. वर्षातून दोन पत्रं येतात, वहीच्या रेघी कागदावर, देवनागरीत. पण ती पत्रं कुणीतरी समोर बसवून लिहून घेतलेली, हे पहिल्याच ओळीत कळतं. शाळा चांगली आहे, शिक्षक चांगले आहेत, तुमचे आभार. प्रगतीच्या रकान्यात दर वेळी ‘समाधानकारक’. दीड वर्षात याहून जास्त काही कळलं नाही.

म्हणून गेले. भेटीसाठी पोलीस व्हेरिफिकेशनचा दाखला मागतात, संस्थेची ताई पूर्ण वेळ सोबत असते, मुलीशी एकटीने बोलायचं नाही, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, महागाची भेटवस्तू न्यायची नाही. घरात काहींना हा अपमान वाटला. ‘पैसे आपण द्यायचे आणि वर चौकशीही आपलीच?’ मला उलट धीर आला. जी संस्था कुणालाही मुलीपर्यंत थेट पोचू देते, तिला मी एक रुपया देणार नाही.

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. काठमांडू ते गोरखा १४० किलोमीटरच्या आसपास, पण पृथ्वी राजमार्गाचं रुंदीकरण, धूळ आणि ट्रकच्या रांगा यात अख्खा दिवस जातो. वाटेत कुरिनटारला मनकामना देवीच्या मंदिराची केबल कार दिसते. देवीला बळी द्यायला नेलेल्या बकऱ्यांचं तिकीट फक्त जायचं असतं, यायचं नसतं. हा विनोद नाही, खरंच तसं आहे.

२०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकला होतं. मुलीचं घर त्यानंतर बांधलेलं, दोन खोल्यांचं, वर निळा पत्रा. वडील कतारला. घरी आई, आजोबा, मुलगी आणि धाकटा भाऊ. आजोबा भारतीय सैन्याच्या गोरखा रायफल्समधून निवृत्त, हिंदी स्वच्छ, पेन्शनच्या कामाला पोखऱ्याच्या कार्यालयात जातात. मी त्यांना बाबा म्हणत होते, ते मला बेटी. खडकीला काही काळ होते म्हणे, वडापाव त्यांना अजून आठवतो. चिउरा म्हणजे कोरडे पोहे, त्यावर भाजलेले सोयाबीन, आणि दुधाचा गोड चहा असा पाहुणचार झाला.

आई मात्र दाराशी उभीच. मी मुंबईहून आले हे कळल्यापासून तिने मुलीचा हात सोडला नव्हता. मला उमगेना. मग आजोबा तिच्याशी हळू आवाजात बोलले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पूछती है, आप इसको ले तो नहीं जाओगे?” तिथल्या डोंगरात ‘मुंबई’ या नावाचा अर्थ काय आहे ते मला माहीत असायला हवं, असं नंतर ताईने जीपमध्ये सांगितलं. नोकरी, लग्न, शिक्षण अशी आमिषं दाखवून वर्षानुवर्षं मुली इकडे आणल्या गेल्या. १९९६ च्या छाप्यांनंतर मुंबईतून कितीतरी नेपाळी मुली परत नेल्या गेल्या. ‘कधी मुंबईला ये हं’ हे वाक्य आपण सहज टाकतो. तिथे टाकू नका.

शाळेत मुख्याध्यापकांनी गुणपत्रिका दाखवली. वर्ष विक्रम संवताचं, गुण नाहीत, श्रेणी. नेपाळी आणि सामाजिक उत्तम, इंग्रजी बरं, गणितात ‘डी’. ‘डी’च्या खालची पायरी ‘एनजी’, म्हणजे श्रेणीच नाही. दहावीची राष्ट्रीय परीक्षा, एसईई, तोंडावर असताना हे ‘समाधानकारक’ कुठल्या हिशोबाने, ते ताईलाही सांगता येईना.

आणि फी? सामुदायिक, म्हणजे सरकारी शाळा. नेपाळच्या संविधानाने माध्यमिकपर्यंतचं शिक्षण मोफत केलंय. परीक्षा शुल्क, गणवेश, वह्या असा किरकोळ खर्च असतो, पण तो २८८० दर महिना नक्कीच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की माझ्यासारख्या सगळ्या देणगीदार पालकांचे पैसे एकत्र करून चार शाळांची शौचालयं, वाचनालय आणि शिक्षकांचं प्रशिक्षण चालतं. काम खरंच झालेलं आहे, मी शौचालय पाहिलं, पाणीही होतं. मुलींची शाळा कायमची सुटण्यात शौचालय नसण्याचा वाटा किती असतो ते कुणी मला शिकवायला नको. पण मग अर्जावर एकाच मुलीचा फोटो लावून ‘हिची फी तुम्ही भरता’ असं का भासवायचं? दोन तारे तिथे गेले.

आजोबांनीच मुद्द्याचं सांगितलं. फी नको, गणिताची शिकवणी हवी. शिकवणी खालच्या बाजारात, संध्याकाळी, आणि परत चढून यायला अंधार होतो म्हणून पाठवत नाहीत. संस्थेला मी लिहून दिलं की माझ्या पैशातला काही भाग शाळेतच सुटीनंतर गणिताच्या तासाला द्या, एकटीसाठी नको, दहावीच्या सगळ्या मुलांसाठी. तीन पत्रांनंतर मान्य झालं. तास सुरू झालाय, मुख्याध्यापकांच्या सहीचा हजेरीपट येतो. दीड वर्षात आलेला हा पहिला कागद जो वाचावासा वाटला.

कुणी घेणार असेल तर घरी राहणाऱ्या मुलाचंच पालकत्व घ्या. काठमांडूच्या ‘अनाथाश्रमां’मधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात असतात. देणगीदार येतात म्हणून मुलं गावाहून आणली जातात. संस्था नेपाळ सरकारच्या समाज कल्याण परिषदेत नोंदलेली आहे का ते बघा, आणि शाळेची गुणपत्रिका जशीच्या तशी मागा. देत नसतील तर पुढची संस्था.

माझी योजना दहावीला संपते. अकरावीला गोरखा बाजारात खोली घेऊन राहावं लागेल, कागदावर मोफत असलं तरी खरा खर्च तिथूनच सुरू होतो. त्याचं काय, हे विचारलंय. अजून उत्तर नाही.