फटाका स्टॉलचा रिव्ह्यू: सूट किती ते नंतर, आधी दोन गाळ्यांमधली जागा बघा

छत्रपती संभाजीनगरमध्ये मैदानावरच्या तात्पुरत्या बाजारातून दिवाळीचे फटाके घेणार असाल तर हे वाचून जा, कारण सगळे जण सूट किती आणि व्हरायटी किती एवढंच सांगतात आणि फटाक्याच्या दुकानात तेवढं बघून चालत नाही. मी ज्या स्टॉलवरून घेतले त्याला पाचपैकी साडेचार, पूर्ण बाजाराला मात्र तीनच. मैदानाचं आणि स्टॉलचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारी पण लिहायच्या आहेत, पण चांगला स्टॉल ओळखायचा कसा ते सगळं सांगते.

आपल्या शहरात हा विषय हलका नाहीच. २९ ऑक्टोबर २०१६, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि बघता बघता शंभराहून जास्त दुकानं खाक झाली, आजूबाजूला लावलेल्या गाड्या पण जळाल्या. ज्यांनी तो धूर बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून मी तरी स्टॉलवर गेले की भाव विचारायच्या आधी वर बघते, खाली बघते, दोन्ही बाजूंना बघते.

तर स्टॉलबद्दल. पत्र्याचा गाळा, वर कापड नाही, झालर नाही, प्लास्टिकचा कागद नाही. नियमच तसा आहे, २००८ च्या स्फोटक नियमांमध्ये तात्पुरत्या फटाका दुकानांसाठी स्पष्ट लिहिलंय की शेड न पेटणाऱ्या वस्तूचं पाहिजे, दोन शेडमध्ये कमीत कमी ३ मीटर अंतर पाहिजे, दुकानं समोरासमोर तोंड करून नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत आणि ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही. हे सगळं कागदावर सगळ्यांनाच लागू आहे, पण या स्टॉलवाल्या काकांनी ते ३ मीटर खरंच मोकळे ठेवलेत. तिथे खोके नाहीत, खुर्ची नाही, मोटारसायकल नाही. मी विचारलं पण, की काका एवढी जागा रिकामी, तिथे टेबल टाकलं तर अजून माल मावेल की, तर म्हणाले, "ताई, ती जागा मालासाठी नाहीच, आग तिथे थांबावी म्हणून आहे." आणि खरंच आहे ते, फटाक्याच्या दुकानाला आग लागली की ज्वाळा नुसत्या वर जात नाहीत, आडवी पडलेली रॉकेटं आणि शॉट्स (आकाशात उडणारे फटाके) सुटतात ते सरळ शेजारच्या गाळ्यात घुसतात, मध्ये खोक्यांची रांग असेल तर आगीला उडी मारायची सुद्धा गरज नाही, चालत जाते.

वायरिंग मला सगळ्यात आवडलं. बल्ब वायरवर लोंबकळत नव्हते, एलईडी ट्यूब पत्र्याला क्लिपा मारून पक्क्या बसवलेल्या, वायर पाइपातून नेलेली, बटणं लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट. रांगेच्या टोकाला एक मेन स्विच, त्यातून अख्ख्या रांगेची लाइट एका झटक्यात बंद होते. हे पण नियमातच आहे, लोंबता दिवा चालत नाही आणि प्रत्येक रांगेला मास्टर स्विच पाहिजे. पण किती ठिकाणी बघतो आपण, हॅलोजन लावलेला असतो, त्याच्याखाली फुलबाज्यांचे खोके रचलेले, वायरला टेप गुंडाळलेली आणि ती पत्र्याच्या कडेवर घासतेय. चार दिवसांचं दुकान म्हणून वायरिंग पण चार दिवसांचं करतात, तिथेच सगळी गडबड आहे.

आग विझवायचं सामान बघितलं तर वाळूच्या बादल्या भरलेल्या होत्या, म्हणजे खरंच वाळूने भरलेल्या, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप नव्हते. दोन फायर एक्स्टिंग्विशर, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात, रिफिलिंगची तारीख लिहिलेली. आणि बाजूला पाण्याचा मोठा ड्रम, वर मग ठेवलेला. मला वाटायचं एक्स्टिंग्विशर असला की झालं, पण काकांनी नीट समजावलं की फटाक्याच्या दारूतच ऑक्सिजन देणारं रसायन असतं त्यामुळे एक्स्टिंग्विशरची पावडर मारून हवा तोडली तरी पेटलेली दारू विझत नाही, पावडर उपयोगाची ती वायर, पुठ्ठा, कागद नुकता पेटला असेल तोवर, पुढे गेलं की भरपूर पाणीच लागतं आणि ते पण फायर ब्रिगेडचं, तेव्हा आपण गिऱ्हाईक बाहेर काढायचं आणि १०१ लावायचा. कामाला असलेल्या दोघांना त्यांनी हे पाठ करून घेतलंय, मी त्यातल्या एकाला मुद्दाम विचारलं तर त्याने मेन स्विच कुठे आहे ते आधी सांगितलं, मग बादल्या. पोरगा कॉलेजचा होता. १८ च्या खालचं कोणी कामाला नव्हतं, तो पण नियम आहे आणि तो सर्रास मोडलेला दिसतो.

परवान्याची कॉपी पुढे लावलेली, नाव-गाव-तारीख वाचता येईल अशी, फायर ब्रिगेडची एनओसी म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र पण शेजारी. माल किती ठेवायचा याची मर्यादा परवान्यात असते, म्हणून गाळ्यात थोडाच माल, संपला की मागवतात. त्यामुळे तुम्हाला हवा तो भुईनळा नेमका त्या क्षणी नसेल तर थोडं थांबावं लागतं. लोक यावरून चिडताना बघितले, मला तर हेच बरं वाटलं.

आता मालाचं. लक्ष्मी बार, भुईचक्र, पाऊस, फुलबाज्या, पेन्सिल, पोरांसाठी पॉप-पॉप आणि टिकल्या, सगळं ग्रीन फटाक्यांमधलं. खोक्यावर नीरीचा लोगो आणि क्यूआर कोड आहे का ते बघा, नीरी म्हणजे आपल्या नागपूरचीच संस्था, तिनेच हे ग्रीन फॉर्म्युले काढले, धूर-धूळ साधारण ३० टक्के तरी कमी होते म्हणतात पण धूर होतच नाही असं नाही आणि आग लागायचा धोका तर तेवढाच आहे, हे दुकानदारांनी सांगायला पाहिजे. या काकांनी सांगितलं. बेरियम हे रसायन घातलेले फटाके आणि लांबच लांब माळा सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच बंद केल्यात, त्या इथे मिळाल्या नाहीत. एक गृहस्थ दहा हजार फटाक्यांच्या माळेसाठी हटून बसले होते, "शेजारी देतायत की" म्हणाले, काका म्हणाले, "मग शेजारी घ्या दादा, माझ्याकडे नाही." एका मुलाने भुईनळा लावून दाखवा म्हटलं तर त्याला पण हसून नाही म्हणाले, घरी नेऊन लाव म्हणून. भाव शेजारच्यापेक्षा थोडे जास्त, ८० टक्के सूटवाला बोर्ड नाही, पण पक्कं बिल दिलं. अर्धा स्टार कापला तो यूपीआयला नेटवर्क मिळेना आणि सुट्ट्यांवरून वेळ गेला म्हणून. एक चांगली गोष्ट, बिलाबरोबर छोटी चिठ्ठी देतात: फटाके रात्री ८ ते १० मध्येच (कोर्टाने दिवाळीसाठी दिलेली वेळ हीच), जवळ पाण्याची बादली ठेवा, जळलेली फुलबाजीची तार बादलीतच टाका, न वाजलेला फटाका उचलायला जाऊ नका. तारेचं तर घरोघरी सांगायला पाहिजे, विझलेली दिसते पण चांगलीच तापलेली असते आणि पोरं अनवाणी पाय देतात. आमच्या सोसायटीत या वर्षी ती चिठ्ठी लिफ्टजवळ लावली आणि रॉकेट गच्चीवरून सोडायचं नाही असं ठरवलं, कारण समोरच्या बाल्कन्यांत कपडे वाळत असतात.

त्याच बाजारातला दुसऱ्या रांगेचा अनुभव मात्र वाईट. वसुबारसेला ठीकठाक असलेले स्टॉल धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ओळखू येईनात, माल बाहेर टेबलांवर, टेबलांच्या पुढे खोके, मधल्या ३ मीटरमध्ये ताडपत्री टाकून अजून माल. एक जण गाळ्याच्या मागे सिगारेट ओढत होता, मी बोलले तर म्हणाला दुकान इकडे आहे मी तिकडे आहे. सकाळी अधिकारी येऊन तपासून गेले होते म्हणे. पण गर्दी तर संध्याकाळीच होते ना, अंतर संध्याकाळीच बुजतं, मग तपासणी सकाळी करून काय हाती लागणार? माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटचे दोन दिवस सात ते दहा एक माणूस फक्त अंतर मोजायची टेप घेऊन फिरवा, ज्याने मधली जागा भरली त्याचं दुकान त्या रात्रीपुरतं बंद. बाकी शंभर नियम तपासायला वेळ नसेल तर हा एक तरी तपासा, तो उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आणि पार्किंग. फायरची गाडी मैदानाच्या कोपऱ्यात उभी होती, माणसं पण होती, त्याबद्दल तक्रार नाही, उलट कौतुक. पण तिच्या पुढ्यात आणि गेटवर दोन्हीकडून टू-व्हीलर लावलेल्या, मी गेले तेव्हा ती गाडी हलवायची म्हटलं तर आधी वीस-पंचवीस स्कूटी उचलाव्या लागल्या असत्या. दोरी बांधून रस्ता मोकळा ठेवायला एक गार्ड पुरला असता. बाजाराचे दोन स्टार इथेच गेले. म्हणून जायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा, गाडी मुख्य रस्त्याच्या पलीकडे लावून चालत या, लहान मुलांना घरी ठेवा आणि गेटमधून शिरल्यावर दुसरा बाहेरचा रस्ता कुठे आहे तो आधी बघून घ्या. काकांचा स्टॉल पहिल्या रांगेत टोकाला आहे, मेन स्विचच्या बाजूचा, दोन्हीकडे मोकळी जागा दिसेल.