दोन लाइनी, एक मेल सर्व्हर: बाइंड अ‍ॅड्रेस की रिलेहोस्ट?

ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी आल्या की पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचं मेल कधी या आयपीवरून निघतं, कधी त्या. दुसरा आयपी एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनचं मेल कुठल्या आयपींवरून निघू शकतं, ती डीएनएसमधली यादी) नसतो, त्याला रिव्हर्स डीएनएसही (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नसतं. पलीकडचा सर्व्हर ५५० (मेल नाकारल्याचा कोड) देऊन मोकळा. मेल कुणाकडे गेलं ते लॉगमध्ये दिसतं, आपण कुठल्या आयपीवरून निघालो ते नाही. त्यासाठी टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं पोर्ट, बघावं लागतं.

पहिला उपाय, बाइंड अ‍ॅड्रेस: मेल कुठल्या आयपीवरून पाठवायचं ते पोस्टफिक्सला सांगणारी सेटिंग. एका ओळीत काम झालं असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. यानं पत्ता ठरतो, रस्ता नाही. राउटिंग टेबल बघतं ते पॅकेट कुठे जायचंय एवढंच. मग पहिल्या लाइनीचा पत्ता लावलेलं पॅकेट दुसऱ्या लाइनीतून निघतं, आयएसपी ते गुपचूप टाकून देतो, लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं आणि आपण फायरवॉलला शिव्या घालतो. सोबत लिनक्सचा 'आयपी रूल' लिहून त्या पत्त्यासाठी वेगळं राउटिंग टेबल हवंच.

दुसरा उपाय रिलेहोस्ट, म्हणजे आपलं मेल पुढे पोचवणारा दुसऱ्याचा सर्व्हर. त्याला ही भानगड नाही. पोर्ट ५८७, युजरनेम-पासवर्ड. लाइन कुठलीही असो, समोरच्याला रिलेचाच आयपी दिसतो. एसपीएफमध्ये मात्र तो रिले घालायचा. पाठवण्याची मर्यादा रिलेवाल्यांची, हे सोसायचं. लाइन सारखी पडत असेल तर मी हेच निवडतो.

फक्त सेटिंगमध्ये रिलेहोस्टच्या नावाभोवती चौकोनी कंस टाका, नाहीतर पोस्टफिक्स आधी त्या नावाचा एमएक्स (मेल घेणाऱ्या सर्व्हरची डीएनएस नोंद) शोधत बसतो.