लगून की खुला किनारा: बेटावर पोहायला कुठे उतरावे?

उष्ण प्रदेशातील बेटाची सहल ठरवताना बहुतेक जण आधी मुक्कामाची जागा निवडतात आणि तिच्यासमोर येईल तो किनारा स्वीकारतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण प्रवाळभिंतीच्या आतले लगून, म्हणजे भिंत आणि बेट यांमधले उथळ पाणी, आणि महासागराला थेट भिडणारा किनारा यांचे धोके अगदी वेगवेगळे असतात.

लगूनमध्ये मोठ्या लाटा बाहेरच्या भिंतीवरच फुटतात. आतले पाणी उथळ आणि संथ राहत असल्याने मुलांना, नवशिक्यांना आणि प्रथमच स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना ते सोयीचे ठरते. मात्र भिंतीवरून आत आलेले पाणी तिच्यातील खिंडींतून बाहेर पडते आणि ओहोटीला तो ओघ चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर ओढू शकतो. म्हणून खिंडीपासून दूर आणि भरती चढत असताना पोहावे. प्रवाळाने झालेली जखम सहज चिघळते, तर दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशचे काटे विषारी असतात. त्यामुळे जाड तळाचे पाणबूट घालावेत, आणि काटा रुतलाच तर तो भाग सोसवेल इतक्या, फार तर ४५ अंश सेल्सिअस, गरम पाण्यात बुडवून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

वाऱ्याकडे मात्र फारच थोडे लोक पाहतात. बेटाच्या आडोशाची बाजू शांत दिसते ती वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो म्हणून, आणि तोच वारा पॅडलबोर्ड किंवा हवा भरलेली तराफी काही मिनिटांत किनाऱ्यापासून लांब नेतो. मला ही शांतता लाटांपेक्षा अधिक फसवी वाटते.

खुल्या किनाऱ्यावर सर्फिंगची खरी मजा आहे, पण तिथे रिप करंटशी, म्हणजे किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ओढून नेणाऱ्या अरुंद प्रवाहाशी, गाठ असते. हा प्रवाह सेकंदाला २ मीटरहूनही वेगाने वाहू शकतो आणि पुष्कळदा लाटा फुटत नसलेल्या, म्हणजे नवख्याला सुरक्षित भासणाऱ्या, पट्ट्यातच असतो. त्यात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झगडून दमू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे. जीवरक्षक नसेल तिथे उतरूच नये. अनेक देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा त्यांच्या देखरेखीखाली असतो आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरण्यास बंदी असते.

जेट स्की दोन्हीकडे मिळते. पोहणाऱ्यांपासून वेगळा पट्टा, अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट आणि मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी नसेल, तर पैसे देऊ नयेत. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी, मारणाऱ्यांनी परतीचे विमानही हिशेबात धरावे: एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे लागते.

सोबत लहान मुले किंवा कच्चे पोहणारे असतील, तर मी निःसंकोचपणे लगूनकाठचा मुक्काम सुचवेन आणि खुल्या किनाऱ्यासाठी जीवरक्षक हजर असलेला एखादाच दिवस राखून ठेवेन. सगळे जण लाटांत पोहायला सरावलेले असतील, तरच मुक्काम खुल्या बाजूला घ्यावा.