कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: नेरूळच्या घरात वर्षभर वापरल्यावर

आमचे घर नेरूळमधील सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे. गीझर गॅसवर चालतो, न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, आणि पावसाळ्यात तिच्या काचेच्या पट्ट्या बहुतेक वेळा बंदच असतात. अशा घरासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यायचे ठरवून आम्ही वाशीतील एका दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने एलपीजी गळतीचा अलार्म समोर ठेवला आणि सगळे गॅस यातच येतात, असे सांगितले. हे साफ चुकीचे आहे. गळतीचा अलार्म न जळलेला गॅस ओळखतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो तो हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळाल्यामुळे. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते, त्यामुळे गळती निदान नाकाला तरी कळते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला धरून ठेवण्याची त्याची ताकद ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक आहे.

शेवटी अलार्म ऑनलाइन मागवावा लागला. घेताना आम्ही नावापेक्षा खोक्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक छापलेले आहे ना, एवढे पाहिले. या मानकानुसार हवेत ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) वायू असल्यास अलार्म ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. थोडक्या वायूला तो लगेच वाजत नाही म्हणून बिघडला आहे, असे समजू नये. त्याची रचनाच तशी आहे.

म्हणूनच आकडा दाखवणारा पडदा असलेला अलार्म घेतला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जुलैमध्ये एका सकाळी लागोपाठ तिघांच्या अंघोळी झाल्यावर सर्वोच्च नोंदीचे बटण दाबले, तर पडद्यावर ३८ आले. अलार्म वाजला नव्हता, कोणाला त्रासही झाला नव्हता. गीझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलावले. त्याने झाकण उघडले तेव्हा बर्नरच्या भोकांवर काजळीचा थर होता आणि ज्योत निळी न राहता पिवळी पडली होती. सफाई झाली, काचेच्या दोन पट्ट्या कायमच्या काढून टाकल्या, आणि तेव्हापासून पडद्यावर शून्य आहे. वायुवीजनाची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही, हे यातून आमच्या घरात सर्वांना पटले.

हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असल्याने तो खोलीभर पसरतो. त्यामुळे एलपीजीच्या अलार्मप्रमाणे हा जमिनीलगत लावायचा नसतो. आम्ही तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गीझरपासून एक ते तीन मीटरच्या आत, छतापासून वीतभर खाली लावला आहे. वाफेमुळे प्रत्यक्ष न्हाणीघरात मात्र लावू नये.

उणिवा आहेत. माहितीपुस्तिकेत मराठी किंवा हिंदी नाही, त्यामुळे कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे मी कागदावर लिहून आईसाठी फ्रिजवर चिकटवले आहे. चाचणीच्या बटणाने भोंगा आणि विजेचे सर्किट तपासले जाते. सेन्सर तपासला जात नाही. किंमत चार हजारांच्या घरात गेली, आणि सेन्सरचे आयुष्य सात वर्षे असल्याने त्यानंतर संपूर्ण यंत्र बदलावे लागणार आहे. तरीही गॅस गीझर असलेल्या प्रत्येक घराने हा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

अलार्म वाजला तर दारे-खिडक्या उघडून, हाताशी असेल तर गॅस बंद करून सर्वांनी आधी बाहेर पडावे. डोके दुखत असेल, गरगरत किंवा मळमळत असेल तर १०८ ला फोन करावा. घरातील बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि विषबाधा झालेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो.

मागवणाऱ्यांनी पार्सल आल्याबरोबर अलार्मच्या मागे छापलेली बदलण्याची तारीख पाहावी, आणि ती दोन-तीन वर्षांवरच आली असेल तर परत पाठवावा.