बुजवलेल्या फटी आणि हरवलेली रिब: फ्रीकॅडमध्ये आठ महिने फायली दुरुस्त करताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक म्हातारी लेथ आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॅटर्नचं काम. आजूबाजूला फाउंड्र्या, त्यामुळे काम दोन तऱ्हेचं येतं. एकतर तयार कास्टिंग मशिनिंग करून द्यायचं, नाहीतर कास्टिंगसाठी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, बनवायचा. दोन्हींची सुरुवात सारखीच होते. बेळगावातून, कोल्हापूरच्या शिरोलीतून, कधी पुण्यातून मेलवर एक फाइल येते, आणि उघडावी तर निम्म्या वेळा पार्ट फाटका. कुठे फेसच (पार्टच्या पृष्ठभागाचा तुकडा) नाही, कुठे दोन फेसच्या मध्ये केसाएवढी फट, कुठे फिलेटचा, म्हणजे गोलाई दिलेल्या कडेचा, कोपरा चुरगळलेला.

गेले आठ महिने या फायली मी फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर दुरुस्त करतोय. त्याआधी एका पैसे देऊन घ्यायच्या ट्रान्सलेशन सॉफ्टवेअरची (एका कॅडची फाइल दुसऱ्यासाठी बदलून देणाऱ्या) महिनाभराची ट्रायल वापरली होती. चांगलं होतं ते, खोटं कशाला बोलू. पण महिन्याला दहा-बारा फायलींसाठी तेवढा पैसा घालणं आमच्यासारख्याला जमणारं नाही. हत्तरगीच्या एअरोस्पेसवाल्यांचं गणित वेगळं, आमचं वेगळं. फ्रीकॅड फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्यापासून ते कामाला लावावं इतपत पक्कं झालंय.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढे निराशा नको. फ्रीकॅड कॅटिया, सॉलिडवर्क्स, एनएक्स या विकतच्या कॅड सॉफ्टवेअरच्या मूळ फायली उघडत नाही. पॅरासॉलिडची एक्सटी फाइलही नाही. एका कॅडमधून दुसऱ्यात न्यायच्या दोन सामायिक फाइल-पद्धती, स्टेप आणि आयजीईएस, एवढीच आपली खरी दारं. ग्राहकाला फोन करून 'स्टेप पाठवा हो' म्हणायला शिकावं लागतं. एसटीएल पाठवली तर मी सरळ परत करतो. तिच्यात नुसते त्रिकोण असतात, त्यांचं सॉलिड (बंद, भरीव मॉडेल) केलं तरी बोअरचा, म्हणजे भोकाचा, व्यास काही सापडत नाही.

स्टेपच का, तर आयजीईएस हे १९८० सालचं अपत्य आहे आणि त्याची शेवटची आवृत्ती ५.३ आली १९९६ मध्ये. नंतर नंतर त्यात सॉलिडची सोय झाली, पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक आयजीईएस फायलींत सुटे सुटे सरफेस असतात. कोणाचा शेजारी कोण, ते लिहिलेलंच नसतं. शिंप्याकडे कापडाचे तुकडे यावेत आणि माप मात्र येऊ नये, तसं. स्टेपमध्ये, म्हणजे आयएसओ १०३०३ मध्ये, शेजाराची नोंद सहसा असते. स्टेप फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघायची सवय मला फार उपयोगी पडली. आत 'मॅनिफोल्ड सॉलिड ब्रेप' हे शब्द सापडले तर समोरच्याने सॉलिड पाठवलंय. 'शेल बेस्ड सरफेस मॉडेल' सापडलं तर शिवणकाम, म्हणजे फेस कडेला कड जोडून बंद करणं, आपल्या नशिबी. स्कीमाच्या ओळीत 'ऑटोमोटिव्ह डिझाइन' असेल तर ती स्टेपच्या प्रकारांतली एपी २१४, 'कॉन्फिग कंट्रोल डिझाइन' असेल तर एपी २०३. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोटेशन देण्याआधी करतो, कारण शिवणकामाचा तास कोणी वेगळा देत नाही.

फटी पडतात कुठून, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. वाटायचं, ग्राहकाच्या डिझायनरनेच वाईट काढलंय. खरं कारण असं की प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात जॉमेट्रीचं एक कर्नल (आकारांचं गणित करणारं इंजिन) असतं आणि दोन बिंदू 'एकच' कधी मानायचे याचा प्रत्येकाचा हिशेब निराळा. कॅटियाचं बोट साधारण ०.००१ मिमीला थांबतं. सॉलिडवर्क्स आणि एनएक्सच्या पोटातलं पॅरासॉलिड ०.००००१ मिमीपर्यंत जातं. फ्रीकॅडच्या पोटातलं ओपनकॅस्केड त्याहून बारीक, ०.००००००१. मग एकाला जी बंद शिवण दिसते तीच दुसऱ्याला उसवलेली दिसते. त्यात कोणाचीच लबाडी नाही.

आता रोजचं काम. फाइल घेतली की पहिलं 'चेक जॉमेट्री'. ते यादी देतं: शेल (जोडलेल्या फेसचं कवच) बंद नाही, एज (कड) सरफेसवर बसत नाही, स्वतःला छेदणारा फेस, उलटी दिशा. भाषा रुक्ष आहे, पण यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की तो फेस मॉडेलमध्ये उजळतो, आणि बस्स, तेवढंच हवं असतं. खराब फेस काढून टाकायचा, सरफेस वर्कबेंचमधल्या (वर्कबेंच म्हणजे एका तऱ्हेच्या बटणांचा संच) 'फिलिंग'ने कडा निवडून नवा घालायचा. शेजारच्या फेसशी स्पर्शिका जुळवायची सोय आहे, ती वापरलीत तर फिलेटचा कोपरा बराच गोड होतो. मग 'शेप बिल्डर'मध्ये सगळे फेस घेऊन शेल, शेलचं सॉलिड, वर 'रिफाइन', आणि परत तपासणी. चाळीस-पन्नास फेसचा पार्ट असेल तर चहा गार होण्याआधी होतं. चारशे फेसचं पंप हाउसिंग असेल तर दुपार जाते.

'रिफाइन'बद्दल एक गैरसमज माझाही होता. एकाच पातळीचे किंवा एकाच सिलिंडरचे तुकडे झालेले फेस ते जोडतं, एवढंच. स्प्लाइन (मुक्त वक्र) म्हणून आलेल्या भोकाचं ते सिलिंडर करत नाही. आणि आयजीईएसमध्ये भोकं पुष्कळदा स्प्लाइन होऊनच येतात. दिसायला गोल, पण कॅमला, म्हणजे मशीनच्या कटरचा मार्ग (टूलपाथ) काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते ड्रिल करण्याजोगं भोक म्हणून ओळखताच येत नाही. यावर माझा उपाय गावठी आहे: भोक बुजवायचं, तीन ठिकाणी मापून व्यास ठरवायचा, ड्रॉइंगशी ताडायचा आणि नव्या सिलिंडरने परत कापायचं. ट्रायलवाल्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक बटण होतं. त्या बटणाची आठवण मला आठवड्यातून एकदा तरी येते.

टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या कडा एकच मानायच्या ती मर्यादा, वाढवून शिवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. एका व्हॉल्व्ह बॉडीची शिवण काही केल्या बंद होईना. ०.०१ ने झालं नाही, ०.०५ ने नाही, रात्रीचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी ०.२५ टाकलं. झटक्यात सॉलिड. चेक जॉमेट्री म्हणालं, सगळं ठीक. सकाळी टूलपाथ काढला, पार्ट कापला, आणि इन्स्पेक्शनला कळलं की ओ-रिंगच्या खाचेच्या तोंडावरचा ०.२ मिमी रुंदीचा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) गायब. अर्थात, ०.२५ पेक्षा जवळ असलेल्या दोन कडा मीच त्याला एक मानायला सांगितल्या होत्या. त्याने ऐकलं. चार पीस गेले. आता मी पार्टमधली सर्वात लहान कड आधी शोधतो आणि टॉलरन्स तिच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देत नाही. तेवढ्यात शिवलं नाही तर हाताने फेस बदलतो.

पण जिथे या सॉफ्टवेअरने मला खरी साथ दिली ते पॅटर्नच्या कामात. ग्राहक पाठवतो तयार, मशिनिंग झालेला पार्ट. फाउंड्रीला हवं असतं कास्टिंग. म्हणजे टॅपिंगची भोकं बुजवायची, सील बसायच्या खाचा बुजवायच्या, मशिनिंगच्या फेसवर अलाउन्स (कापायला जादा धातू) चढवायचा, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून उतार) द्यायचा, आणि शेवटी आकुंचन. भोकं नि खाचांसाठी 'डीफीचरिंग' म्हणून सोय आहे: फेस निवडा, सांगा काढ, शेजारचे फेस वाढून जागा भरतात. आलेल्या फाइलला मागचा इतिहास नसतो, स्केच नाही, फीचरचं झाड नाही, नुसता मुका गोळा. अशा मुक्या गोळ्यावर हे काम करतं याचं मला अजून कौतुक वाटतं. साधी भोकं, छोटे बॉस (उंचवटे), सरळ कडेचे फिलेट दहापैकी नऊ वेळा निघतात. तीन फिलेट एका कोपऱ्यात भेटत असले की मात्र हात टेकतं. अलाउन्स आणि ड्राफ्ट मात्र मला अजूनही फेस-फेस धरून हातानेच द्यावे लागतात.

आकुंचनाची गंमत सांगायलाच हवी. ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. मी ड्राफ्ट नावाच्या वर्कबेंचमधल्या क्लोनला (मॉडेलच्या प्रतीला) १.०१ स्केल दिलं, प्रिंट काढली आणि लाकडी पॅटर्नसाठी अण्णांकडे दिली. अण्णा तीस-पस्तीस वर्षं पॅटर्न करतायत. त्यांच्याकडे पॅटर्नवाल्यांची आकुंचनाची पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर आधीच एक टक्का लांब. त्यांनी नेहमीप्रमाणे तीच लावली. ३०० चं ३०३ मी केलं होतं, ३०३ चं ३०६ त्यांनी केलं. कास्टिंग ३ मिमी मोठं आलं.

"अरे, मला सांगायचं की, तू वाढवलायस म्हणून," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला वाटलं तुम्ही साधी पट्टी लावाल."

"साधी पट्टी घरात हाय की, खिडकी मापायला."

तेव्हापासून प्रत्येक प्रिंटवर लाल पेनने 'आकुंचन दिलंय' किंवा 'दिलं नाही' लिहितो, खाली कन्नडमध्येही, कारण रात्रपाळीचा पोरगा तेच वाचतो. आणि स्केल करण्याआधी पार्ट शून्यावर आणतो. काही ग्राहकांचे पार्ट असेंब्लीतल्या जागेवर, शून्यापासून दोन-दोन मीटर लांब बसलेले असतात. स्केल दिलं की ते २० मिमी सरकून बसतात आणि कोअरबॉक्सशी (आतल्या पोकळीच्या गाभ्याच्या साच्याशी) जुळत नाहीत.

आता रिबची, म्हणजे भिंतींना आधार देणाऱ्या पट्टीची, गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. एका गिअर हाउसिंगची आयजीईएस आली. आतल्या भिंतीवर समोरासमोर दोन लांबट चिरा होत्या, सुबक चौकोनी. मी समजलो, फेस हरवलेत. फिलिंग केलं, शेल बंद झालं, सॉलिड झालं, तपासणी पास. इतकं स्वच्छ काम क्वचित होतं, म्हणून खूशही होतो. मग सवयीने वजन काढलं. घनफळ आलं १८,५०,००० घनमिमी, ग्रे आयर्नचे ७.२ ग्रॅम प्रति घनसेंमी धरून १३.३ किलो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ग्राहकाने लिहिलं होतं १४.१. आठशे ग्रॅम कमी. म्हणजे १११ घनसेंमी लोखंड कुठेतरी हरवलं होतं. एवढं फिलेटमध्ये हरवत नाही.

तासभर शोधल्यावर सापडलं. आयजीईएसच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये लपवलेल्या वस्तू वगळायची एक टिक असते आणि ती माझ्याकडे लागलेली होती. ग्राहकाच्या डिझायनरने आतलं नीट दिसावं म्हणून मधली रिब लपवली आणि तशीच फाइल काढली होती. टिक काढून परत घेतलं तर रिब जागेवर. मी ज्या चिरा बुजवल्या त्या फाटलेल्या नव्हत्याच, ती रिबची मुळं होती. सॉफ्टवेअरला यातलं काही कळायचं कारण नाही. त्याला उघडी कड दिसली, मी भर म्हणालो, त्याने भरलं. वजन काढलं नसतं तर पॅटर्न झाला असता, कास्टिंग ओतलं गेलं असतं आणि रिबशिवायचं हाउसिंग कुठल्यातरी ट्रॅक्टरखाली जाऊन फुटलं असतं.

म्हणून आता माझा क्रम बदललाय. चीर दिसली की बुजवायच्या आधी तिचा आकार बघतो. वेडीवाकडी, केसाएवढी असेल तर ती भाषांतराची फट. सरळ कडांची, मापात बसणारी असेल तर तिथे काहीतरी होतं. मग ग्राहकाला स्क्रीनचा फोटो पाठवून विचारतो. काही जण वैतागतात, 'एवढंसं स्वतः करा की' म्हणतात. वैतागू देत. दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य वहीत लिहून ठेवतो. आधी सॉलिडच नसेल तर घनफळ मिळत नाही, तेव्हा ड्रॉइंगवरचं वजन हाच आधार. ड्रॉइंगवर वजन नसेल तर मागून घेतो. जुनं कास्टिंग असेल तर काट्यावर ठेवतो.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. मोठ्या फायलींवर १६ जीबीच्या मशीनलाही धाप लागते. फिलिंगला कडा जास्त दिल्या तर विचार करत बसतं, कधी बंदही पडतं, तेव्हा प्रत्येक टप्प्याला वेगळ्या नावाने सेव्ह करा. आपोआप परत आणायची सोय आहे, पण पावसाळ्यात मी तिच्यावर विसंबत नाही, सरळ यूपीएस घेतला. आधीचं आणि नंतरचं मॉडेल एकावर एक ठेवून फरक रंगात दाखवणारी सोय मला हवी आहे. सध्या एकातून दुसरं वजा करून काय उरतं ते बघतो. फाटकी फाइल असली की वजाबाकीही फसते.

नवं शिकणाऱ्याला पहिला महिना जड जाईल. बटणं पार्ट, ड्राफ्ट, सरफेस अशी वेगवेगळ्या वर्कबेंचमध्ये विखुरलेली आहेत, आणि कुठलं कधी हे हाताला बसेपर्यंत शिव्या येतात. आमच्या रात्रपाळीच्या पोराने मात्र तीन आठवड्यांत उचललं. परवा तिसऱ्या गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा त्याचाच फोन आला. त्याच ग्राहकाची, त्याच हाउसिंगची सुधारित फाइल आली होती.

"सर, ह्यात पण एक चीर हाय, सरळ कडेची. बुजवू नको ना?"

"वजन किती येतंय?"

"काढलंय की. दोनशे ग्रॅम कमी. त्यांना फोटो धाडलाय, उत्तर आलं नाही अजून."